रस्ता, हवामान आणि घड्याळ : अँटवर्प (१९२०) येथील मॅरेथॉन शर्यतीतील भारतीय कामगिरीचे पुनर्वाचन

सारांश

१९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे भरलेल्या ऑलिम्पिक स्पर्धेत भारताचे दोन धावपटू मॅरेथॉन शर्यतीत उतरले. त्यांपैकी फडेप्पा दरेप्पा चौगुले यांना एकोणिसावे स्थान मिळाले, तर सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. भारतीय क्रीडेतिहासात या घटनेची नोंद ‘पहिला सहभाग’ म्हणून होते. तथापि कामगिरी म्हणून तिचा विचार क्वचितच केला जातो. धावपटूंकडून जी वेळ अपेक्षित होती ती कोणत्या रस्त्यावर, किती अंतरावर आणि कोणत्या हवेत ठरली होती, व प्रत्यक्ष शर्यत कोणत्या परिस्थितीत झाली, याची तुलना केल्यास या कामगिरीचा अर्थ बदलतो, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : मॅरेथॉन, ऑलिम्पिक, अँटवर्प १९२०, डेक्कन जिमखाना, हवामान, वेळमापन.

प्रस्तावना

क्रीडेचा इतिहास हा बहुतांशी विजेत्यांचा आणि विक्रमांचा इतिहास असतो. विक्रम हा आकड्यांत मावतो, म्हणून तो टिकतो. ज्या परिस्थितीत तो घडला ती परिस्थिती मात्र आकड्यात मावत नाही, म्हणून ती विस्मरणात जाते. धावण्याच्या बहुतेक शर्यती मोजलेल्या, सपाट व बंदिस्त धावपट्टीवर होतात. मॅरेथॉन ही शर्यत मात्र रस्त्यावर होते. रस्त्याला चढउतार असतात, धूळ व चिखल असतो, त्यावर ऊन, पाऊस आणि वारा यांचा अंमल असतो. अशा शर्यतीत धावपटूला लागलेला वेळ हा केवळ त्याच्या शरीरसामर्थ्याचा दाखला नसून, त्या दिवशीच्या रस्त्याचा व हवेचाही दाखला असतो.

असे असूनही शर्यतीचा निकाल जेव्हा कागदावर उतरतो, तेव्हा तेथे क्रमांक, नाव आणि वेळ एवढेच उरते. अपेक्षित वेळ गाठता आली नाही, की धावपटू ‘कमी पडला’ असा निष्कर्ष काढला जातो. अपेक्षित वेळ मुळात कोठून आली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) मॅरेथॉन शर्यतीच्या आरंभीच्या काळात अंतर व हवामान यांचा निकालावर झालेला परिणाम पाहणे.
२) १९२० मधील भारतीय सहभागामागील अपेक्षेचे स्वरूप तपासणे.
३) चौगुले यांच्या कामगिरीचे आकडे त्यांच्या संदर्भासह वाचणे, आणि अशा वाचनाच्या मर्यादाही स्पष्ट करणे.

अनिश्चित अंतर, अनिश्चित हवा

आधुनिक मॅरेथॉनचा आरंभ १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकपासून होतो. मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंतचे अंतर सुमारे ४० किलोमीटर होते आणि स्पिरिडॉन लुईस या ग्रीक धावपटूने ते २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत पार केले. त्यानंतरच्या स्पर्धांत हे अंतर यजमान शहराच्या सोयीनुसार बदलत राहिले. आज प्रमाण मानले जाणारे ४२.१९५ किलोमीटर म्हणजेच २६ मैल ३८५ यार्ड हे अंतर प्रथम १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये धावले गेले. परंतु आंतरराष्ट्रीय संघटनेने ते प्रमाण म्हणून स्वीकारले ते १९२१ मध्ये, म्हणजे अँटवर्पच्या शर्यतीनंतरच्या वर्षी. हा कालानुक्रम लक्षात ठेवणे आवश्यक आहे. १९२१ पूर्वी ‘मॅरेथॉनची वेळ’ या शब्दप्रयोगाला निश्चित असा अर्थच नव्हता.

हवामानाची स्थितीही अशीच होती. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे ३० ऑगस्ट रोजी झालेली शर्यत सुमारे ३२ अंश सेल्सिअस तापमानात आणि धुळीच्या रस्त्यांवरून धावली गेली. वाटेत पिण्याच्या पाण्याची सोय अत्यल्प होती. शर्यतीत उतरलेल्या ३२ जणांपैकी केवळ १४ जण अखेरपर्यंत पोहोचले. विजेता टॉमस हिक्स याला मदतनिसांनी स्ट्रिक्नीन व ब्रँडी देऊन कसेबसे पुढे नेले. त्याला लागलेले ३ तास २८ मिनिटे ५३ सेकंद ही ऑलिम्पिकमधील मॅरेथॉन विजेत्याची आजवरची सर्वांत संथ वेळ होय.

१९०८ मध्ये लंडन येथे उष्ण व दमट हवेत दोरान्दो पिएत्री हा इटालियन धावपटू प्रेक्षागारात प्रथम पोहोचला, पण तेथे तो पुन्हापुन्हा कोसळला. अधिकाऱ्यांनी हात देऊन त्याला अंतिम रेषेपार नेल्यामुळे तो बाद ठरला आणि अमेरिकेचा जॉनी हेज २ तास ५५ मिनिटे १८.४ सेकंद या वेळेसह विजयी घोषित झाला.

सर्वांत गंभीर घटना घडली ती १९१२ मध्ये स्टॉकहोम येथे. उत्तरेकडील शीत देश म्हणून परिचित असलेल्या स्वीडनमध्ये १४ जुलै रोजी तापमान ३० अंशांच्या वर गेले होते. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो हा व्यवसायाने सुतार असलेला धावपटू वाटेत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून त्याने अंगाला चरबी फासली होती असे सांगितले जाते. अशा लेपाने घामाचे बाष्पीभवन थांबते आणि शरीरातील उष्णतेला बाहेर पडण्याचा मार्ग उरत नाही. त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी उष्म्याने व्याकूळ होऊन वाटेतील एका घरी थांबला आणि अधिकाऱ्यांना न कळविता मायदेशी परतला. १९६७ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, स्वीडनने त्याला सन्मानाने बोलावून ती शर्यत औपचारिकरीत्या पूर्ण करू दिली. त्याची नोंदलेली वेळ चोपन्न वर्षांहून अधिक भरली.

या घटनांमागील शरीरशास्त्र आता स्पष्ट झाले आहे. धावताना स्नायूंत निर्माण होणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. हवा उष्ण व दमट असेल तर घाम सुकत नाही, शरीराचे तापमान वाढते, आणि रक्तप्रवाहाला स्नायू व त्वचा या दोहोंची गरज एकाच वेळी भागवावी लागते. याउलट थंड पावसात भिजलेले कपडे शरीराची उष्णता ओढून घेतात, स्नायू आखडतात, बोटे बधिर होतात. अव्वल धावपटूंच्या वेगाला साधारणपणे दहा अंश सेल्सिअसच्या आसपासची कोरडी व निवांत हवा मानवते, असे अलीकडील अभ्यासांतून दिसून आले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी मात्र उष्म्यात धावून कोसळणे हा धावपटूच्या मनोबलाचा प्रश्न मानला जाई.

अपेक्षेचा उगम : पुण्याचा रस्ता

भारताचा ऑलिम्पिकमधील संघटित सहभाग हा पुण्याच्या डेक्कन जिमखान्याशी निगडित आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या क्रीडामेळाव्याचे अध्यक्षस्थान सर दोराबजी टाटा यांनी भूषविले होते. पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात टाटांनी या मेळाव्याची आठवण नोंदविली आहे. त्या पत्राचा आशय असा की, स्पर्धक बहुतेक शेतकरी वर्गातील तरुण होते. त्यांचा आहार बेताचा होता. युरोपीय नियमांची व आधुनिक प्रशिक्षणाची त्यांना ओळख नव्हती. मेळाव्यातील प्रमुख शर्यत सुमारे २५ मैलांची, मॅरेथॉनच्या धर्तीवरची होती. हे तरुण खडीच्या कठीण रस्त्यावर अनवाणी धावत आणि तरीही त्यांची वेळ युरोपातील वेळेशी तुलना करता येण्याजोगी होती. योग्य आहार व प्रशिक्षण मिळाल्यास हे धावपटू अँटवर्प येथे देशाचे नाव राखतील, अशी आशा टाटांना वाटली.

मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांचा पाठिंबा मिळाला, भारताला प्रवेश मिळाला, आणि धावपटू व मल्ल यांचे छोटेसे पथक इंग्लंडमार्गे अँटवर्पला रवाना झाले. त्यात बेळगावचे चौगुले, तसेच दातार, कैकाडी व पूर्मा बॅनर्जी हे धावपटू आणि नवले व शिंदे हे मल्ल होते. पथकातील नावांवरून या पहिल्या प्रयत्नात मराठी मुलुखाचा वाटा किती मोठा होता, हे सहज लक्षात येते.

टाटांच्या पत्रातील एक तपशील येथे विशेष विचारात घ्यावयास हवा. तुलनेचा आधार असलेली शर्यत ‘सुमारे’ २५ मैलांची होती. २५ मैल म्हणजे ४०.२३ किलोमीटर. अँटवर्पच्या शर्यतीचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते. ऑलिम्पिकच्या इतिहासात एवढे अंतर आजतागायत अन्य कोणत्याही मॅरेथॉन शर्यतीत धावले गेलेले नाही. म्हणजे ज्या शर्यतीवरून आशा बांधली गेली ती आणि जी प्रत्यक्षात धावावी लागली ती, यांत किमान अडीच किलोमीटरांचा फरक होता. शिवाय पुण्याची कोरडी हवा व ओळखीचा रस्ता एका बाजूला, आणि उत्तर युरोपातील ओला रस्ता दुसऱ्या बाजूला, असा भेदही होता.

अपेक्षा चुकीची होती असे येथे म्हणावयाचे नाही. टाटांनी वापरलेली तुलनेची भाषा त्या काळी सर्वत्र प्रचलित होती. शिवाय वसाहतीच्या काळात भारतीय शरीराच्या क्षमतेविषयी शंका घेण्याची जी प्रवृत्ती राज्यकर्त्यांत होती, तिला घड्याळाच्या साहाय्याने उत्तर देता येईल, ही जाणीवही अशा प्रयत्नांमागे असणे स्वाभाविक होते. घड्याळ वर्ण पाहत नाही, वंश पाहत नाही. म्हणून ते निःपक्षपाती वाटते. पण घड्याळ अंतर व हवामानही पाहत नाही, ही त्याची दुसरी बाजू आहे.

२२ ऑगस्ट १९२० : शर्यत आणि निकाल

शर्यतीच्या दिवशी अँटवर्पची हवा थंड व पावसाळी होती. ४८ धावपटू उतरले. १९१२ मध्ये दुसरा आलेला दक्षिण आफ्रिकेचा ख्रिश्चन गिटशॅम आणि त्याच स्पर्धेत तीन सुवर्णपदके मिळविणारा फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन हे आरंभी आघाडीवर होते. गिटशॅमला पुढे शर्यत सोडावी लागली. कोलेहमाइनेनने २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंद या वेळेत विजय मिळविला. एस्टोनियाचा युरी लोसमान त्याच्यामागे अवघ्या १२.८ सेकंदांनी पोहोचला. एकंदर ३५ जणांनी शर्यत पूर्ण केली. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद या वेळेसह एकोणिसावे आले. स्टॉकहोमला शर्यत अर्धवट सोडलेला कानाकुरी या वेळी २ तास ४८ मिनिटे ४५.४ सेकंद या वेळेसह सोळावा आला. दातार हे शर्यत पूर्ण न करू शकलेल्या तेरा जणांपैकी एक होते.

येथे ‘खराब हवामान’ या शब्दप्रयोगाचा नेमका अर्थ तपासावा लागतो. अँटवर्पची थंड हवा सर्वांनाच सारखी खराब नव्हती. पहिले दोन क्रमांक बाल्टिक समुद्राच्या परिसरातील देशांना मिळाले, आणि विजेत्याची गती तोवरच्या कोणत्याही ऑलिम्पिक मॅरेथॉनमधील गतीपेक्षा अधिक होती. शीत हवेत वाढलेल्या व सरावलेल्या धावपटूला ती हवा साहाय्यक ठरली असणे शक्य आहे. उष्ण प्रदेशात घडलेल्या शरीराला ओल्या थंडीची सवय लागावयास वेळ लागतो. हवामान चांगले की वाईट, हे तापमापीवरून जसे ठरते तसेच धावणाऱ्याच्या सवयीवरूनही ठरते. स्टॉकहोमच्या उष्म्यात दक्षिण आफ्रिकेने पहिले दोन क्रमांक मिळविले होते, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे.

आकड्यांचे वाचन

चौगुले यांची वेळ अंतराने भागली असता त्यांची सरासरी गती दर किलोमीटरला सुमारे ३ मिनिटे ५९.७ सेकंद अशी येते. हीच रीत अन्य शर्यतींच्या विजेत्यांना लावल्यास पुढील चित्र दिसते. १८९६ मध्ये लुईसची गती दर किलोमीटरला सुमारे ४ मिनिटे २८ सेकंद होती. १९०४ मध्ये हिक्सची ५ मिनिटे १३ सेकंद, १९०८ मध्ये हेजची ४ मिनिटे ९ सेकंद, आणि १९१२ मध्ये केन मॅकआर्थरची ३ मिनिटे ५४ सेकंद होती. म्हणजे अँटवर्पला एकोणिसाव्या आलेल्या भारतीय धावपटूची गती अथेन्स, सेंट लुईस व लंडन येथील सुवर्णपदकविजेत्यांच्या गतीपेक्षा अधिक होती, आणि स्टॉकहोमच्या विजेत्यापेक्षा ती दर किलोमीटरला केवळ पाचसहा सेकंदांनी कमी होती.

हाच हिशेब पुढे नेता येतो. याच सरासरी गतीने स्टॉकहोमचे ४०.२ किलोमीटर अंतर २ तास ४० मिनिटे ३४ सेकंदांत पार झाले असते. तेथे तिसऱ्या क्रमांकाची वेळ २ तास ३८ मिनिटे ४२.४ सेकंद आणि चौथ्याची २ तास ४२ मिनिटे ७.९ सेकंद होती. प्रमाण अंतरासाठी चौगुले यांची वेळ २ तास ४८ मिनिटे ३२ सेकंद एवढी येते. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिसऱ्या क्रमांकाची वेळ २ तास ४८ मिनिटे १४ सेकंद होती. कागदावर पाहता दोन्ही ठिकाणी चौथे स्थान मिळते.

तथापि अभ्यासकाने या मोहाला बळी पडता कामा नये. स्टॉकहोमचे धावपटू तीस अंशांहून अधिक उष्म्यात धावले, चौगुले पावसात. ज्या तर्काने आपण एकोणिसाव्या स्थानाला कमी लेखू नये असे म्हणतो, त्याच तर्काने हे काल्पनिक चौथे स्थानही स्वीकारता येत नाही. एका दिवसाचा आकडा दुसऱ्या दिवसाच्या रस्त्यावर नेऊन ठेवता येत नाही. तो आपल्याला सोयीचा असला तरीही. या तुलनेतून एवढेच सिद्ध होते की, एकोणिसावे स्थान हे संथ धावण्याचे लक्षण नव्हते. ती शर्यतच वेगवान होती.

दुसरा हिशेब मात्र निःसंशयपणे मांडता येतो, कारण त्यात एकाच धावपटूची, एकाच दिवसाची गती विचारात घेतली आहे. चौगुले यांनी आपल्या सरासरी गतीने २५ मैलांचे अंतर सुमारे २ तास ४० मिनिटे ४१ सेकंदांत पार केले असे धरल्यास, उरलेल्या अडीच किलोमीटरांस सुमारे दहा मिनिटे लागली. पुण्याच्या शर्यतीच्या मानाने पाहणाऱ्यास ही दहा मिनिटे ‘हुकलेली’ वाटतील. वस्तुतः ती धावपटूने गमावलेली नव्हती. ती रस्त्याने वाढविलेली होती.

दातार यांच्या बाबतीत आकडाच उपलब्ध होत नाही. शर्यत अपूर्ण राहिली की निकालपत्रात वेळेची जागा कोरी राहते, आणि धावपटूने किती अंतर काटले, हेही त्या कोऱ्या जागेत लोपते. ४८ पैकी १३ जणांना शर्यत सोडावी लागली आणि त्यांत मागील ऑलिम्पिकचा रौप्यपदकविजेता होता, एवढी नोंदही दातार यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलण्यास पुरेशी आहे.

नियमांची एकतर्फी स्मृती

१९२० नंतर मॅरेथॉनचे अंतर निश्चित झाले. हवामानाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. अंतर एकच झाल्यामुळे आता वेळेची तुलना सरळ करता येते असा समज दृढ झाला, आणि धावपटू ठरावीक वेळेचा पाठलाग करू लागले. त्याचा धोका १९५४ मध्ये व्हँकुव्हर येथील राष्ट्रकुल स्पर्धेत दिसून आला. तेव्हा जगातील सर्वोत्तम वेळ नावावर असलेला इंग्लंडचा जिम पीटर्स कडक उन्हातही आपल्या वेगाला मुरड न घालता धावला. सुमारे सतरा मिनिटांच्या आघाडीने तो प्रेक्षागारात शिरला, परंतु वारंवार कोसळल्यामुळे अंतिम रेषेपर्यंत पोहोचू शकला नाही. त्यानंतर तो पुन्हा कधीही स्पर्धेत धावला नाही.

मॅरेथॉनच्या वेळेला ‘जागतिक विक्रम’ म्हणून अधिकृत मान्यता मिळाली ती २००४ पासून. तोवर ‘जगातील सर्वोत्तम वेळ’ असा सावध शब्दप्रयोग केला जाई. विक्रमासाठी मार्ग कसा असावा याचे नियम आहेत. आरंभ व अंतिम बिंदू यांतील सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून अधिक असू नये आणि मार्गाचा उतार दर किलोमीटरला एक मीटरहून अधिक नसावा. पाठीमागून येणारा वारा व उतार यांचा गैरलाभ मिळू नये, हा त्यामागील हेतू आहे. २०११ मध्ये बोस्टन येथे केनियाच्या जेफ्री मुताई याने २ तास ३ मिनिटे २ सेकंद ही तोवरची सर्वांत जलद वेळ नोंदविली, परंतु तो मार्ग या नियमांत बसत नसल्याने ती विक्रम म्हणून ग्राह्य धरली गेली नाही. त्या दिवशी पाठीमागून जोराचा वाराही होता.

आता याच रस्त्यावरील १६ एप्रिल २०१८ ची शर्यत पाहावी. तापमान पाच अंशांच्या आसपास, मुसळधार पाऊस आणि समोरून येणारा सोसाट्याचा वारा. अनेक नामांकित धावपटूंनी शर्यत सोडली. जपानचा युकी कावाउची २ तास १५ मिनिटे ५८ सेकंद या वेळेत पहिला आला. मुताईपेक्षा जवळजवळ तेरा मिनिटे अधिक. महिलांत अमेरिकेची डेझरी लिंडेन २ तास ३९ मिनिटे ५४ सेकंद या वेळेत विजयी झाली. याच लिंडेनने २०११ मध्ये याच रस्त्यावर २ तास २२ मिनिटे ३८ सेकंद अशी वेळ दिली होती, आणि तेव्हा ती दोन सेकंदांच्या फरकाने दुसरी आली होती. सतरा मिनिटे अधिक घेऊन ती जिंकली. ज्याने केवळ वेळ पाहिली असेल त्याला हे दोन निकाल परस्परविसंगत वाटतील. ज्याने वारा पाहिला आहे त्याला त्यांत विसंगती दिसणार नाही.

यातून नियमांचे एक वैशिष्ट्य लक्षात येते. हवेने व मार्गाने केलेले साहाय्य नियमांना दिसते आणि ते वजा केले जाते. हवेने केलेला अडथळा मात्र कोठेही जमेस धरला जात नाही. विक्रमाच्या शुद्धतेसाठी हे कदाचित अपरिहार्य असेल. परंतु इतिहासलेखनाने विक्रमपुस्तकाची हीच रीत उचलली, तर अडथळ्यांतून धावलेल्यांवर अन्याय होतो.

आयोजकांच्या पातळीवर बदल झाला आहे, हेही नोंदविले पाहिजे. २००७ मध्ये शिकागो येथील मॅरेथॉन उष्म्यामुळे मध्येच थांबविण्यात आली. २०१९ मध्ये दोहा येथील जागतिक स्पर्धेत महिलांची शर्यत मध्यरात्री घेण्यात आली. तरीही ६८ पैकी २८ जणींना ती पूर्ण करता आली नाही. टोकियो ऑलिम्पिकची मॅरेथॉन उष्म्याच्या भीतीने साप्पोरो येथे हलविण्यात आली आणि २०२१ मध्ये महिलांच्या शर्यतीचा आरंभ आणखी एक तास अलीकडे आणावा लागला. सेंट लुईस व स्टॉकहोम येथे जो प्रश्न धावपटूच्या सहनशक्तीवर सोपविला गेला होता, तो आता आयोजकाच्या जबाबदारीचा मानला जातो.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) १९२१ पूर्वी मॅरेथॉनचे अंतर निश्चित नसल्याने त्या काळातील ‘अपेक्षित वेळ’ ही संकल्पना मुळातच ठिसूळ होती. पुण्यातील सुमारे २५ मैलांच्या शर्यतीवरून अँटवर्पच्या ४२.७५ किलोमीटरांविषयी बांधलेली अपेक्षा ही या सार्वत्रिक संदिग्धतेचा भाग होती.

२) चौगुले यांची गती तत्पूर्वीच्या पाचपैकी किमान तीन ऑलिम्पिक मॅरेथॉनविजेत्यांच्या गतीपेक्षा अधिक होती. यावरून त्यांना त्या विजेत्यांहून श्रेष्ठ ठरविता येत नाही. तथापि त्यांच्या कामगिरीला केवळ ‘सहभाग’ म्हणून बाजूस सारताही येत नाही.

३) खराब हवामान ही निरपेक्ष गोष्ट नाही. धावपटू कोठे वाढला व कोणत्या हवेत सरावला, यावर तिचा अर्थ अवलंबून असतो.

४) विक्रमाचे नियम साहाय्य वजा करतात, अडथळा जमेस धरत नाहीत. क्रीडेतिहासाने निकालपत्राच्या जोडीने हवामान, मार्ग व अंतर यांची नोंद वाचणे आवश्यक आहे.

बेळगाव व पुणे परिसरातील विसाव्या शतकाच्या आरंभीच्या धावण्याच्या शर्यती, त्यांतील शेतकरी धावपटू आणि ते ज्या रस्त्यांवरून धावले ते रस्ते, हा प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकांसाठी मोठा विषय आहे. समकालीन वृत्तपत्रे, व्यायामसंस्थांची इतिवृत्ते व कौटुंबिक कागदपत्रे या साधनांच्या आधारे त्याचा शोध घेता येईल. इतिहास, भूगोल व शारीरिक शिक्षण या तीन विभागांनी एकत्र येऊन करण्याजोगे हे काम आहे. अँटवर्पच्या निकालपत्रात चौगुले यांच्या नावापुढे एक वेळ आहे आणि दातार यांच्या नावापुढे कोरी जागा. त्या दोन्ही नोंदींमागचा रस्ता अजून पुरता लिहिला गेलेला नाही.